पहिला थर मऊ हवा

कचऱ्याला नाक मुरडणारे पुष्कळ असतात. पण शहराचा कचरा जिथे पुरतात त्या टेकडीवरच्या भरावाच्या पर्यवेक्षकबाई कचऱ्यातही निवडानिवड करतात, ही बातमी त्या आठवड्यात शहरात घरोघरी पोचली. भरावात नवा कप्पा उघडला होता आणि बाईंनी सगळ्या गाडीवाल्यांना बजावलं होतं, की सुरुवातीला फक्त मऊ कचरा आणायचा. घरगुती पिशव्या, कागद, कापड, पालापाचोळा चालेल. मोडक्या खुर्च्या, पाइप, काठ्या, काचा, सायकली यातलं काहीही दिसलं तर गाडी फाटकावरूनच परत.

"मऊ म्हणजे किती मऊ, मॅडम?" एका गाडीवाल्याने विचारलं.

"तुम्ही डोळे मिटून त्यावर लोळाल एवढा."

गाडीवाल्याने ही गोष्ट खाली बाजारात सांगितली. संध्याकाळपर्यंत तिचं रूप 'मॅडमना ऑफिसात गादी हवी आहे' असं झालं होतं.

गादीच म्हणायची तर ती कप्प्यासाठी हवी होती. नवा कप्पा हा नुसता खड्डा नव्हता. तळाला दोन फूट चिकणमाती दाबून बसवलेली होती. तिच्यावर जाड काळ्या प्लास्टिकचं अस्तर होतं. त्याचे पट्टे तापवून एकमेकांना जोडले होते आणि प्रत्येक सांधा तपासला होता. अस्तरावर जाडजूड नमदा, म्हणजे दाबून केलेलं घोंगडीसारखं कापड, नमद्यावर फूटभर खडी आणि खडीत भोकं पाडलेले पाइप. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी खडीतून पाइपात उतरायचं, पाइपातून टाकीत आणि टाकीतून ते शुद्ध करणाऱ्या यंत्रात जायचं. जमिनीत ते उतरता कामा नये, एवढ्यासाठी हा सगळा थाट होता. आणि हा थाट पहिल्या थरात बिघडू शकत होता. एखादी अणकुचीदार वस्तू खडीतून खाली गेली आणि अस्तराला भोक पडलं, तर त्यावर वर्षानुवर्षं कचरा चढत राहणार. मग ते भोक शोधायला खाली कोण जाणार?

बाईंना हे कोणी पढवावं लागत नव्हतं. कप्प्याच्या खाली, उतारावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर त्यांच्या थोरल्या नणंदेची रोपवाटिका होती आणि रोपवाटिकेत तिची विहीर होती. भराव नव्हता, नुसता उघडा उकिरडा होता, त्या काळात या विहिरीचं पाणी आधी पिवळं, मग तांबडं झालं होतं. रोपं मुळापासून जळाली होती. नणंदेने कित्येक उन्हाळे टँकरच्या पाण्यावर काढले. पुढे तो उकिरडा माती आणि प्लास्टिकखाली बंद झाला. त्याच्या पोटातला वायू काढायला पाइप बसले, रोजच्या कचऱ्यावर रोज माती पडू लागली, माश्या आणि कावळे दुसरीकडे गेले. विहीर मात्र सावकाश सुधारली. आता तिचं पाणी दर हंगामाला बाटलीत भरून तपासायला जायचं आणि चांगलं निघायचं.

नणंदेचा विश्वास अर्थात पाण्यावर बसला होता. भरावावर अजून बसायचा होता.

"वहिनी," ती म्हणायची, "तुझ्या त्या अस्तराला भोक पडलं ना, तर मला चहात पत्ती घालायची गरज पडणार नाही. आपोआप रंग येईल."

"वन्सं, अस्तर तुमच्या भावाने शिवलेलं नाही. गळणार नाही."

भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, शिंपी होते. बाजारात त्यांचं दुकान होतं आणि सगळे त्यांना मास्तर म्हणत. फक्त बहीण त्यांना धाकट्या म्हणे, तीही गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम. मास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत कातरणांची पोती छतापर्यंत रचलेली होती. बोटभर चिंध्या त्या, गादीवाल्यानेही नको म्हटलेल्या. 'कधीतरी उपयोगी पडतील' या आशेवर मास्तर त्या साठवत, आणि 'तो दिवस मला दाखवा' असं बाई दर सणासुदीच्या साफसफाईला म्हणत.

तो दिवस उजाडला होता. रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "तुला मऊ कचरा हवाय ना? माझ्याकडं गाडीभर आहे."

"खरंच देणार?"

"अस्तराचं काम आहे म्हणून देतो. एका शिंप्याने दुसऱ्याला मदत करावी."

"आमचं अस्तर एका धुण्यात आटत नाही," बाई म्हणाल्या. पण त्या खूश झाल्या होत्या, आणि ते लपलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोती फाटकावर आली. तिथे नियम असा होता, की पहिल्या थराची प्रत्येक पिशवी उघडून पाहायची. सकाळपासून बाईंनी पाच गाड्या परत पाठवल्या होत्या. एकीत छत्रीची काडी निघाली म्हणून, एकीत बाहुलीगाडीचं चाक निघालं म्हणून. मास्तरांची पोती मात्र त्यांनी नुसती वरून दाबून पाहिली. हात कोपरापर्यंत आत जात होता.

"बघा," त्या रांगेतल्या गाडीवाल्यांना म्हणाल्या, "कचरा असावा तर असा."

इतका उत्तम माल उगाच कुठेही पसरवायचा नव्हता. कप्प्याच्या तळाला थोडा उतार होता आणि सगळं काळं पाणी शेवटी खालच्या कोपऱ्यात जमणार होतं. सगळ्यांत नाजूक जागा तीच. बाईंनी यंत्रचालकाला सांगून मास्तरांची पोती त्या कोपऱ्यात रचून घेतली आणि त्यावर घरगुती पिशव्या पसरायला लावल्या. हा यंत्रचालक कचरा इतका सपाट पसरायचा, की भरावावर त्याला सगळे इस्त्री म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच कानावर पडे.

पोती रचल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी बाई दुकानात डोकावल्या. नणंद आधीच तिथे बसलेली होती. तिच्या कॅनव्हासच्या झोळीचा पट्टा तुटला होता आणि मास्तर तो शिवत होते.

"धाकट्या," नणंद म्हणाली, "तुझी ती बिनडोक्याची बाई कुठे गेली रे? कोपरा रिकामा दिसतोय."

बिनडोक्याची बाई म्हणजे कपडे चढवून बघायचा पुतळा. तो दुकानात मास्तरांच्या लग्नाआधीपासून उभा होता.

"तिला निवृत्त केलं," मास्तर म्हणाले. "धड तर पार कुजलं होतं. खालचा लोखंडी दांडाही मोडला. मोडला तो असा मोडला, की टोक भाल्यासारखं झालं."

"मग भंगारवाल्याला द्यायचास."

"तो कधी येतो, कधी नाही. म्हटलं, पोती जाताहेत तर तेही जाऊ दे. पण मी नुसता नाही टाकला हं. कोणाच्या तरी हातात घुसायचा. चांगली चार पदरी गोधडी गुंडाळली, वरून शिवण मारली, आणि पोत्याच्या मधोमध उभा ठेवला. चारी बाजूंनी चिंध्या. कोणाला ओरखडासुद्धा यायचा नाही."

हे सांगताना मास्तरांच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. बाई दारातच उभ्या होत्या.

"कुठल्या पोत्यात?" त्यांनी विचारलं.

"चिंध्यांच्या."

"कुठल्या चिंध्यांच्या?"

"अगं, तुला दिल्या त्याच की," मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. शिवणयंत्राचं चाक हातात तसंच राहिलं.

"ओरखडा येऊ नये म्हणून," बाई म्हणाल्या.

"हो."

"छान काळजी घेतलीत."

नणंद हसली नाही. "वहिनी, ती पोती कुठे आहेत?"

"खालच्या कोपऱ्यात."

खालचा कोपरा आणि आपली विहीर यांच्यात नुसता उतारच आहे हे नणंदेला पाठ होतं. तिने अर्धवट शिवलेली झोळी यंत्रावरून ओढून काढली. "चल," ती म्हणाली. "आणि धाकट्या, तूही चल. आज दुकान बंद."

बाईंनी वाटेतून इस्त्रीला फोन केला. "यंत्र आहे तिथेच बंद करा. पुढं नको, मागं नको."

"जेवायला जाऊ का?"

"जा. पण चालत."

भरावावर पोचताच बाईंनी येणाऱ्या गाड्या जुन्या कप्प्याकडे वळवल्या. तिथे आठवडाभर पुरेल एवढी जागा शिल्लक होती. इस्त्री डबा अर्धवट टाकून परत आला आणि त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पोत्यांवर पिशव्यांचा पुरुषभर थर चढला होता आणि त्यावरून त्याचं यंत्र दोन दिवस फिरलं होतं.

"मॅडम, माझं ऐका," तो म्हणाला. "दांडा आडवा झाला असणार. खाली फूटभर खडी, मग नमदा, मग अस्तर. त्याच्याखालीही दोन फूट माती. एवढ्यातून जायला तो दांडा काय बोअरवेलवाला आहे?"

"आणि गेला असेल तर?"

"तर एवढंसं भोक. माती आहेच की." त्याने आवाज खाली आणला. "नाही उकरलं तर कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल," मागून नणंद म्हणाली. "दोन-चार वर्षांनी. चहात."

इस्त्रीला ती मागे उभी आहे हे माहीत नव्हतं. तो टोपी नीट करू लागला.

इस्त्रीचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, ही खरी अडचण होती. दांडा आडवा असू शकत होता. मातीही होती. आणि उकरायला घेतलं तर संध्याकाळच्या आत शहरभर होणार होतं, की बाहुलीगाडीच्या चाकासाठी गाडी परत पाठवणाऱ्या बाईंच्या घरातून भाला निघाला.

"ही पोती दुसऱ्या कोणाची असती तर आपण काय केलं असतं?" बाईंनी इस्त्रीला विचारलं.

"त्याला फाटकावर उभा करून झापला असता."

"मग मास्तर तिकडे उभे आहेत, तुम्ही झापायला घ्या. मी पोती काढते."

यंत्र चालवायचं नव्हतं, म्हणून काम हातांनी करायचं होतं. भरावावरचे चार कामगार, इस्त्री, हातमोजे घातलेल्या बाई आणि बाईंनी दिलेले मोठाले गमबूट घातलेले मास्तर असे सगळे ओळीने उभे राहून पिशव्या मागे सरकवू लागले. नणंद कप्प्याभोवतीच्या बांधावर बसून देखरेख करत होती. तिला हे काम कोणी दिलं नव्हतं.

"धाकट्या, कंबरेतून वाक. आयुष्यभर बसून खाल्लंस."

"बसून शिवलं, ताई."

"मास्तर, तुमची पोती ओळखायची कशी?" इस्त्रीने विचारलं. "सगळी एकाच रंगाची."

"सगळ्यांची तोंडं साध्या टाक्याने शिवलीत. त्या एकाचं दुहेरी." मास्तरांनी घाम पुसला. "धोक्याचं होतं ना, म्हणून."

"धोक्याचं होतं हे टाक्याला सांगितलंत, आम्हाला नाही," इस्त्री म्हणाला. झापण्याचं काम त्याने मनावर घेतलं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा पोती उघडी पडली. एकेक वर निघू लागलं. काही फाटली होती, आणि वाऱ्याने शर्टांच्या, परकरांच्या, गणवेशांच्या चिंध्या कप्पाभर झाल्या. दुहेरी टाक्याचं पोतं बांधाला लागूनच होतं. दोन कामगारांनी त्याचे कान धरले आणि उचललं.

पोतं उचललं गेलं नाही.

त्यांनी पुन्हा ओढलं. वरचं कापड ताणलं, खालचा भाग जागचा हलला नाही. मास्तर पुढे आले, खिशातून कात्री काढली आणि आपणच शिवलेलं पोतं वरपासून खालपर्यंत कापलं. चिंध्या ओसरल्या. आत दांडा सरळ उभा होता. गोधडी त्याच्या वरच्या टोकाला गोळा होऊन बसली होती आणि खालचं लोखंड उघडं पडून खडीत गेलं होतं.

"बाहीतून हात निघावा तसा निघाला," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी दांडा सरळ वर खेचायला लावला, इकडेतिकडे जरासाही न हलवता. मग त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि खडी हाताने बाजूला करू लागल्या. खाली नमदा लागला. त्याला भोक होतं. नमदा कापून उलटा केला. काळं अस्तर चकचकीत दिसलं, आणि त्यावर एक पांढुरका ओरखडा, आणि ओरखड्याच्या शेवटी भोक.

नणंद केव्हा खाली उतरली ते कोणी पाहिलं नाही. ती वाकून बघत होती. "एवढंसं?"

"शर्टाच्या बटणाला असतं तेवढं," मास्तर म्हणाले. त्यांना दुसरं माप सुचलं नाही.

"एवढंसंच असतं, वन्सं," बाई म्हणाल्या. "पण ते चोवीस तास उघडं असतं."

"गेलं का काही खाली?"

"नाही. या कचऱ्याला अजून पाणी सुटलेलं नाही. खडी कोरडी आहे, हात लावून बघा."

नणंदेने हात लावून पाहिला. एकदा नव्हे, चार ठिकाणी. मग तिने ओल्या मातीचा वास घ्यावा तशी बोटं नाकाशी नेली.

सांधे जोडणारा कारागीर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने अस्तर धुतलं, पुसलं, खरवडलं आणि त्याच प्लास्टिकचं ठिगळ कापलं. मास्तर दुकान न उघडता आले होते आणि त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"कोपरे गोल का कापता?"

"चौकोनी कोपरा उचकटतो."

"खरंय," मास्तर म्हणाले. कालपासून त्यांना कोणाशी तरी सहमत व्हायचं होतं.

ठिगळ तापवून बसलं. मग त्यावर साबणाचं पाणी शिंपडलं गेलं आणि काचेच्या झाकणाची एक पेटी उपडी ठेवून तिच्यातली हवा ओढून घेतली. ठिगळाच्या कडेला कुठे फट असेल तर तिथून हवा वर येणार आणि बुडबुडा दिसणार. सगळ्यांनी काचेवर माना झुकवल्या.

एका कडेला एक बुडबुडा फुगला. बारीकसा, पण फुगला.

"हा काय?" नणंद म्हणाली.

"हा नापास," कारागीर म्हणाला आणि चिडचिड न करता परत तापवायला बसला.

दुसऱ्या वेळी साबणाचं पाणी गप्प राहिलं. कारागिराने पेटी उचलायला हात घातला.

"थांबा जरा," नणंद म्हणाली. ती ओल्या नमद्यावर सरळ गुडघे टेकून बसली आणि काचेला जवळजवळ नाक लावलं. "अजून थांबा."

"काकू, मी हवा सोडू का? पंप दमला."

"दमू दे. अजून."

बाईंनी तिला अडवलं नाही. नणंदेचं समाधान होईपर्यंत पेटी तिथेच राहिली. तपासणीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो होता. शेवटी ती उठली, साडीवरची ओल झटकली आणि म्हणाली, "बरं आहे."

तिच्या तोंडून भरावाबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द होता. त्यावर कोणी टिप्पणी केली नाही. केली असती तर तो शब्द तिथेच मोडला असता.

नमदा नव्याने जोडला, खडी परत घातली. राहिलेली सगळी पोती मास्तरांनी कप्प्याबाहेर बसून एकेक करून उसवली आणि चिंध्या मोकळ्या करून हाताने चाळल्या. त्यात निघालं ते असं: शिवताना बोटात घालायचं एक टोपण, मूठभर टाचण्या आणि त्यांचाच हरवलेला चष्मा. टाचण्यांवरून इस्त्रीने त्यांना आणखी एकदा झापलं. त्याला आता सराव झाला होता.

गाड्या पुन्हा सुरू व्हायच्या सकाळी बाई फाटकावर उभ्या राहिल्या आणि गाडीवाल्यांना म्हणाल्या, "कोपऱ्यात दांडा निघाला तो माझ्या घरचा होता. ती पोती मी उघडली नव्हती. यापुढे माझ्या घरचीही उघडायची."

"गादी टोचली म्हणायची, मॅडम," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"टोचली," बाई म्हणाल्या. "पिशवी उघडा."

आणि त्यांच्या शेजारी, फाटकाच्या सावलीत, स्टूल टाकून नणंद बसलेली होती. रोपं लावायची लोखंडी कुदळी तिच्या हातात होती. पहिला थर पुरा होईपर्यंत ती रोज सकाळी येणार होती. असं तिने ठरवलं होतं, आणि तिला नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. बाईंनी नियमाप्रमाणे हातमोजे आणि चमकणारं जाकीट दिलं. जाकिटाचा रंग आपल्याला शोभत नाही, एवढीच तिची तक्रार होती.

ती बाईंपेक्षा कडक निघाली. बाई पिशवी उघडून बघत, ही ओतून बघायची. दुपारपर्यंत गाडीवाले बाईंना विचारू लागले, की मॅडम, तुमच्या रांगेत येऊ का?

त्याच दुपारी पालापाचोळ्याने भरलेली एक हातगाडी चढ चढत आली. नणंदेने कुदळीने पाला उकरला. तळाशी बांबूची छाटलेली टोकं होती, रोपांना आधाराला लावतात ती.

"परत," ती म्हणाली.

हातगाडी ढकलत आलेली कामकरीण दम खात तशीच उभी राहिली. "मालकीणबाई, ही आपलीच गाडी आहे. रोपवाटिकेतली."

"दिसतंय मला. म्हणूनच परत."

हातगाडी उतारावरून खाली वळली. नणंदेने जाकिटाची बटणं नीट केली, पुढच्या गाडीवाल्याची पहिली पिशवी मांडीवर ओढली आणि गाठ सोडायला घेतली.